हमणां नवरा

सकाळी आठच्या सुमारास विजया खालून हसतच वर आली आणि दारातूनच म्हणाली, "अहो, त्या मला नवरी म्हणाल्या." तिच्या हातात झाकलेली ताटली होती आणि ताटलीत इच्छाबेननी, म्हणजे आमच्या नव्या घरमालकिणीनं, दिलेलं गरम खमण होतं. मी बांधलेल्या खोक्यांच्या मधोमध बसून कात्री शोधत होतो. बिऱ्हाड हलवलं की कात्री हटकून कात्रीनंच उघडायच्या खोक्यात जाते. काल संध्याकाळी नाशिकहून ट्रक आला, हमालांनी सगळं वर आणून टाकलं आणि आम्ही दोघं जमिनीवर सतरंजी पसरून झोपलो. सुरतेतला आमचा संसार अजून तेवढ्या सतरंजीएवढाच होता. विजया सांगत होती, की निघताना इच्छाबेन म्हणाल्या, "बेन, नवरी पडो त्यारे आवजो." त्यातलं तिला एवढंच समजलं होतं, की आपण नवरी आहोत आणि आपल्याला कुठंतरी पडायला सांगितलंय. पंचेचाळीसाव्या वर्षी नवरी, आणि तीही पडायची, म्हणून तिला पुन्हा हसू फुटलं. मीही हसलो. पण तो शब्द मला माहीत होता.

गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा. हाताला काम नसलेला माणूस. बाई असेल तर नवरी. 'नवरी पडो त्यारे आवजो' म्हणजे सवड झाली की या, इतकं साधं ते बोलणं होतं. मला हे डिसेंबरात कळलं, मुलाखतीला आलो होतो तेव्हा. स्टेशनजवळच्या लॉजखाली एक चहावाला होता. बाकावर बसलेल्या तिघांकडं हात करून तो म्हणाला, आ बधा नवरा छे. मी मनात म्हटलं, कोणाचे? मग त्यानंच हिंदीत समजावून सांगितलं. तेव्हा मला फार गंमत वाटली होती. घरी गेल्यावर विजयाला सांगू म्हणून ती मी राखून ठेवली आणि सांगायची राहूनच गेली. आता सांगायला हरकत नव्हती, एका वाक्याचं काम होतं, पण तोंड उघडेना. 'रिकामा' हा शब्द तिच्यासमोर माझ्या तोंडून निघाला असता तर त्याच्यामागून बाकीचं सगळं बाहेर आलं असतं. मी म्हटलं, लाडानं म्हणत असतील. आणि खमणाचा तुकडा तोंडात टाकला.

बाकीचं सगळं म्हणजे असं. मी ड्राफ्ट्समन. चोवीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढली. आम्ही नऊजण होतो. मग संगणक आले आणि नऊ टेबलांची दोन टेबलं झाली. उरलेल्या सातजणांना स्वेच्छेनं निवृत्त व्हायला सांगण्यात आलं. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आमची. मी सुरतेजवळच्या हजीऱ्याच्या एका ठेकेदार कंपनीत अर्ज केला, मुलाखत झाली, तीन फेब्रुवारीला सोमवारी हजर व्हा असं पत्र आलं. विजयाला तिची शाळा सोडायची नव्हती. अठरा वर्षं दहा महिने झाले होते, वीस पूर्ण झाली की पेन्शन. मीच म्हटलं, दोन घरं करून संसार होत नाही. लेक अनुजा पुण्याला वसतिगृहात, मी सुरतेला, तू नाशिकला, हे काय कुटुंब झालं? असं महिनाभर म्हणत राहिलो, शेवटी ती कंटाळली. बावीस जानेवारी हा माझा सातपूरचा शेवटचा दिवस. दुपारी शाल, नारळ, दोन भाषणं झाली आणि त्यानंतर ऑफिसातला फोन माझ्यासाठी वाजला. मुलाखत घेणारे तेच गृहस्थ होते. प्रकल्प पुढं ढकललाय, पावसाळ्यानंतर बघू, असं ते अगदी सभ्यपणे म्हणाले. आणि विचारलं, तुम्ही नाशिक अजून सोडलं नसेलच ना? मी म्हटलं, नाही सोडलं. त्या घटकेला ते खरंच होतं. घरी आलो तर विजया मटार सोलत बसली होती. शेवटचा पेपर देऊन आलेल्या मुलीच्या सुरात ती म्हणाली, "दिला बाई एकदाचा." राजीनामा. मालतीबाई, म्हणजे तिच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या होत्या की संस्थेची सभा चार तारखेला आहे, तोवर हा नुसता कागद समज, विचार बदलला तर घेऊन जा. विजया हे गंमत म्हणून सांगत होती. मी शाल खुंटीला अडकवली आणि म्हणालो, छान झालं.

आज दोन तारीख. चार तारीख म्हणजे परवा. आज सांगितलं तर तिची नोकरी वाचणार होती आणि नाही सांगितलं तर दोघंही रिकामे होणार होतो. हे इतकं सोपं होतं की कोणत्याही शाळकरी मुलानं गणित सोडवलं असतं. मी अकरा दिवस ते सोडवत होतो आणि रोज रात्री खोडत होतो.

खोकी राहू देत, आज गाव बघू, उद्यापासून तुम्हाला वेळ नाही, असं विजया म्हणाली. मग आम्ही रिक्षा केली आणि आमच्या अडाजण भागातून तापीच्या पुलावरून जुन्या शहरातल्या चौकाकडं निघालो. नाशिक सोडताना भेटेल त्यानं तिला एकच विचारलं होतं, प्लेगवालं सुरत का? त्यामुळं ती अडीच वर्षांपूर्वीचा उकिरडा शोधत बसली होती आणि तिला झाडलेले रुंद रस्ते दिसत होते. ती जरा नाराजच झाली. मग तिनं पाट्या वाचायला घेतल्या. आयुष्यभर पहिली-दुसरीच्या मुलांना बाराखडी शिकवलेली बाई, तिला अक्षरं दिसली की राहवत नाही. या अक्षरांना डोक्यावर रेघच नाही, असं ती म्हणाली, वर्गात कोणी असं लिहिलं असतं तर मी पुन्हा लिहायला लावलं असतं. क, ग, म, र तिनं पुलावरच ओळखले. ख, च, ज आणि फ मात्र दाद देईनात. त्यांच्याशी ती चौकापर्यंत भांडत होती आणि मधूनमधून मला विचारत होती, हे काय, ते काय, हा रस्ता कुठं जातो. मी सांगत होतो. या गावात मी तिच्यापेक्षा तीनदाच जास्त आलो होतो, पण ड्राफ्ट्समनला एक खोड असते, कुठंही गेलं की तो मनात प्लॅन काढतो. उत्तर वर, नदी अशी वाकडी, स्टेशन तिकडं, किल्ला इकडं. तिला वाटत होतं मला सगळं येतं. मला ते बरं वाटत होतं आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटत होती.

आमच्या लग्नानंतरचा पहिला दिवस असाच रस्त्यांत गेला होता, बावीस वर्षांपूर्वी नाशिकात. ती धुळ्याची, तिला नाशिक परकं. मी तिला घेऊन पंचवटीत गेलो आणि परतताना मुद्दाम रस्ता चुकलो, कारण घरात माझे दोन भाऊ, त्यांच्या बायका, खोल्या दोन, आणि बाहेर आम्ही दोघंच होतो. ती म्हणाली, आपण या देवळावरून तिसऱ्यांदा जातोय. मी म्हटलं, नाही, हे वेगळं आहे. ती चौथ्यांदाही माझ्याबरोबर चालत राहिली. त्या दिवशी मी तिला फसवत होतो आणि तिला ते ठाऊक होतं आणि ते गोड होतं. माणूस एकदा गोड फसवतो आणि मग त्याला वाटायला लागतं की आपल्याला फसवणं जमतं. चौकात लोचो खाताना मला हे सुचलं. लोचो म्हणजे डाळीच्या पिठाचा मऊ गिचका, वर तेल आणि शेव. बिघडलेल्या खमणाला यांनी नाव दिलं आणि विकायला काढलं, विजया म्हणाली, आपल्याकडं बिघडलं की आपण फेकून देतो. तिनं दुसरी प्लेट घेतली.

चौटा बाजारात गर्दीनं आम्ही आपोआप पुढं सरकत होतो. साड्या, बांगड्या, पर्सेस, पुन्हा साड्या. माझे पाय दुखायला लागले होते. गेले अकरा दिवस मला झोप अशी नव्हतीच, पहाटे तीनला जाग यायची आणि मी छत बघत पडायचो. त्यामुळं दिवसा सगळं जरा लांबून ऐकू यायचं. विजया एका भांड्यांच्या दुकानापाशी थांबली. तिला डबा हवा होता, उद्यासाठी. तीन पुडी की चार पुडी, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, कशाला, कँटीन असेल. असेल म्हणजे, तुम्ही बघितलं नाही का? मग मी म्हटलं, आहे, बघितलं. कसं आहे? आणि मी सांगायला लागलो. लांबट हॉल आहे, दोन्ही बाजूंना खिडक्या, वर पत्रा पण खाली छत दिलेलं, त्यामुळं तापत नाही. हात धुवायला वेगळी जागा, तिथं उतार नीट काढलेला. जेवण गुजराती, गोडसर. मी तिच्यासाठी भर बाजारात उभं राहून अख्खं कँटीन बांधून काढलं, मोजमापांसकट, आणि ते उत्तम होतं. चोवीस वर्षांत मी इतकं चांगलं ड्रॉइंग काढलं नव्हतं. ती लक्ष देऊन ऐकत होती. गोडसर जेवण तुम्हाला सोसायचं नाही, असं म्हणून तिनं तीन पुडीचा डबा घेतला, झाकण दोनदा लावून पाहिलं आणि माझ्या हातात दिला. मला त्या क्षणी स्वतःची इतकी किळस आली, की डबा तिथंच ठेवून गर्दीत शिरावं असं वाटलं.

दुपारी किल्ल्याच्या मागं नदीकाठी थोडी सावली मिळाली, तिथं बसलो. तापी रुंद आणि मंद होती. विजया म्हणाली, ही आमच्या खानदेशातूनच येते, मला हिची ओळख आहे, तुम्हीच परके. मग ती पदर डोक्यावरून घेऊन बसल्या बसल्या पेंगली आणि तिचं डोकं माझ्या खांद्याला टेकलं. मला हलता येईना. आता उठली की सांगायचं, असं मी ठरवलं. शब्दही जुळवले. विजया, एक अडचण झालीय. अडचण हा शब्द खोटा वाटला. विजया, मला नोकरी नाही. हे वाक्य मनातसुद्धा पुरं होईना, 'मला'पाशीच अडकायचं. नवल असं, की हेच वाक्य मी तीन दिवसांपूर्वी अगदी सहज बोलून गेलो होतो. गुरुवारी मी किल्ली घ्यायला एकटाच आलो होतो. इच्छाबेन हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून वाल सोलत होत्या. त्यांनी विचारलं, भाई, नोकरीए क्यारे चडवाना, कामावर कधी रुजू होणार? मी म्हणालो, हमणां तो नवरो छुं, कामनुं हजी नक्की नथी. सध्या तर रिकामाच आहे, कामाचं अजून नक्की नाही. पाठ केलेलं नव्हतं, तोंडातून आपसूक आलं. परक्या भाषेत ते वाक्य हलकं होतं, दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तसं. त्या बाईनं मान हलवली, थई जशे म्हणाल्या, होईल सगळं, आणि पुन्हा वाल सोलायला लागल्या. जिच्याबरोबर बावीस वर्षं काढली तिला जे सांगता येत नव्हतं ते मी वालाच्या शेंगा सोलणाऱ्या अनोळखी बाईला सांगून टाकलं होतं. आणि त्या बाईच्या डोक्यावरच्या मजल्यावर आम्ही राहायला आलो होतो. हे मला आज सकाळी खमणाच्या ताटलीबरोबर पहिल्यांदा नीट समजलं. विजया जागी झाली आणि म्हणाली, तुमचा खांदा फार वाळलाय हो. मी म्हटलं, चल, ऊन उतरलं.

परतताना पुलापलीकडं पोंकाच्या टपऱ्या लागल्या होत्या. पोंक म्हणजे आपला हुरडाच, कोवळ्या ज्वारीचा, इथं तो शेव आणि लिंबू घालून खातात. विजयाला धुळ्याची आठवण झाली आणि ती रिक्षा थांबवून उतरलीच. एका टपरीमागं एक बाई भाजलेली कणसं कापडी पिशवीत घालून काठीनं झोडत होती. विजयानं तिच्याकडं पाहून विचारलं, "खानदेशना का वं तुम्ही?" बाईनं काठी खाली ठेवली. तिचं नाव पुष्पाबाई, गाव अमळनेरकडचं, मालक उधन्याला मागावर कामाला. दोघी दोन मिनिटांत अशा बोलायला लागल्या की टपरीवाला शेठ बघतच राहिला. लग्नापासून माझ्यासमोर विजया अहिराणी बोललेली मी चार वेळा ऐकली असेल. ती बोलताना तिचा आवाज बदलतो, मोकळा होतो. बोलता बोलता तिनं सकाळची गोष्ट काढली, आमच्या मालकीणबाई मला नवरी म्हणाल्या. मी पोंकाचा कागद हातात धरून उभा होतो.

पुष्पाबाई पोट धरून हसली. "आपलामा नवरी म्हंजे लगीननी," ती म्हणाली, "आठला लोकेसमा नवरी म्हंजे रिकामी. मनी सेठाणी माले रोज इचारे, पुष्पा, नवरी पडनी का? मी म्हने, बाई, तीन पोरे हुई ग्यात, आते काय नवरी!"

विजया टाळी देऊन हसली. तिनं लगेच शिक्षिकेसारखी खात्री करून घेतली, मग पुरुषाला काय म्हणायचं? नवरा, पुष्पाबाईनं सांगितलं, काम नही, धंदा नही, तो नवरा. विजया माझ्याकडं वळली. म्हणजे आज रविवार, आज तुम्ही दोन्ही अर्थांनी नवरा, ती म्हणाली, उद्यापासून एकाच. ती इतकी खुशीत होती, ऊन तिच्या चेहऱ्यावर होतं, ओठाला शेवेचा कण लागला होता. हीच ती वेळ होती. तिनं स्वतःच दार उघडून दिलं होतं, मला फक्त आत जायचं होतं. मी म्हणालो, "विजया, ऐक ना." ती म्हणाली, काय? मी म्हणालो, लिंबू जास्त झालंय. तिनं एक घास घेऊन पाहिला आणि म्हणाली, नाही हो, बरोबर आहे.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. इच्छाबेन ओट्यावर हिंचका घेत बसल्या होत्या. शी शी जग्या जोई, काय काय पाहिलंत, असं त्यांनी विचारलं आणि विजया आपल्या मोडक्या गुजरातीत सांगायला लागली, किल्लो, चौटो, पोंक. तिनं मुद्दाम सांगितलं की नवरी शब्दाचा अर्थ आता तिला कळला आहे, आणि दोघी हसल्या. वर अजून सगळी खोकी तशीच पडली आहेत, असं विजया म्हणाली. मी जिन्याची पहिली पायरी चढलो होतो.

"तेमां शुं," इच्छाबेन अगदी मायेनं म्हणाल्या, "भाई तो हमणां नवरा ज छे ने. बधुं एमनी पासे करावजो." सगळं त्यांच्याकडून करून घ्या.

विजयाच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथंच राहिलं, नुसतं, कोणी काढून न्यायला विसरल्यासारखं. आजे रविवार छे एटले? तिनं विचारलं. रविवार आहे म्हणून का? तिचं ते वाक्य बिनचूक होतं. इच्छाबेन म्हणाल्या, नाही नाही, भाईंनीच तर सांगितलं ना गुरुवारी, कामाचं अजून नक्की नाही म्हणून, पण काळजी करू नको, बेन, थई जशे. विजयानं मान हलवली. हो, थई जशे, असं तीही म्हणाली. मग ती माझ्या बाजूनं जिना चढून वर गेली. तिचा पदर माझ्या हाताला घासून गेला.

वर ती एका खोक्यावर बसली. मी दिवा लावला. केव्हापासून, असं तिनं विचारलं आणि मी बावीस तारीख म्हणालो. म्हणजे मी मटार सोलत होते तेव्हा, ती म्हणाली. हो. मग तिनं एकेक विचारलं आणि मी एकेक सांगितलं. फोन, ते सभ्य गृहस्थ, पावसाळ्यानंतर. उद्या कुठं जाणार होतात? हजीऱ्यालाच, साहेबांसमोर उभं राहिलं की काहीतरी होईल असं वाटत होतं. आणि परवा? परवाचं मी काही ठरवलंच नव्हतं. कँटीनचं तिनं विचारलं नाही, त्याबद्दल मी मनात तिचे आभार मानले. ती रडत नव्हती, आवाज चढवत नव्हती. पुढ्यातल्या खोक्यावरची सुतळी बोटानं उलगडत होती. मग तिनं विचारलं, "मालतीबाईंनी सांगितलेलं तुमच्या लक्षात होतं?"

"होतं," मी म्हणालो. "रोज."

तिनं सुतळी सोडून दिली. मला वाटलं, आता विसरलो होतो म्हटलं असतं तर तिनं कदाचित माफही केलं असतं. पण इतक्या खोट्यानंतर मला तेवढं एक बोलवेना. मी जमिनीवर बसलो आणि जे अकरा दिवस मलाही नीट ठाऊक नव्हतं ते बोललो. लाज वाटत होती म्हणून गप्प राहिलो असं मी स्वतःला सांगत आलो होतो. तसं नव्हतं. मी म्हणालो, "तू परत गेली असतीस. मग मी इथं एकटा. या वयात, या गावात, रोज सकाळी उठून काम मागत फिरायचं आणि संध्याकाळी घरात कोणी नाही. मला भीती वाटली, विजया."

खालून हिंचक्याच्या कड्या कुरकुरत होत्या. मग ती म्हणाली, "मग तेवढंच म्हणायचं होतंत. भीती वाटते, थांब, असं. मी थांबलेही असते कदाचित. पण समजून उमजून थांबले असते." आणि उठून तिनं चपला घातल्या. चला, ती म्हणाली, फोन करायचाय.

कोपऱ्यावर एस.टी.डी.चं दुकान होतं. रविवार म्हणून आमच्याआधी तिघंजण रांगेत होते. तिघंही आपापल्या गावी मोठमोठ्यानं बोलले, एकजण उडियात, एकजण हिंदीत, एकजण अहिराणीत, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, मी बरा आहे, तुम्ही कसे आहात. आमची पाळी आली तसं विजयानं नंबर लिहिलेला कागद माझ्या हातात दिला. मी म्हटलं, तू बोल ना, तुझ्या बाई त्या. ती म्हणाली, राजीनामा मी का मागे घेतेय ते तुम्ही सांगा, मला सांगता येणार नाही. मी काचेच्या खोपटात शिरलो. ती दार धरून उभी राहिली, मला ते लावू दिलं नाही. पलीकडं घंटा वाजली, फोन मालतीबाईंनीच उचलला. मी श्रीकांत, सुरतहून, म्हटल्यावर त्यांना आनंद झाला. पोचलात का नीट, विजया बरी आहे ना, आणि उद्यापासून तुमची नवी नोकरी सुरू, नाही का? मी विजयाकडं पाहिलं. ती रस्त्याकडं बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "मला नोकरी नाही, मालतीबाई."

आपल्या भाषेत ते वाक्य फार जड निघालं. बोलून झाल्यावर मला दम लागला. मालतीबाई म्हणाल्या, विजयाला द्या. मी बाहेर आलो, ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. काचेतून तिचे ओठ हलताना दिसत होते. मला काही ऐकू येत नव्हतं. मध्ये तिनं एकदा डोळे पुसले, एकदा चक्क हसली, बहुधा मालतीबाई काही बोलल्या असतील. शाळेतल्या बायकांबरोबर ती जशी असते तशी ती त्या खोपटात होती आणि मी पायरीवर उभा होतो. इतका थकवा मला त्या अकरा दिवसांत कधी आला नव्हता. तिथंच पायरीवर झोप लागली असती.

बाहेर आल्यावर तिनं सांगितलं, की सभा मंगळवारी अकराला आहे, स्वतः येऊन कागद मागे घे असं मालतीबाई म्हणाल्या. उद्या सकाळची बस मिळाली तर ती संध्याकाळपर्यंत पोचेल आणि घराचं होईपर्यंत त्यांच्याकडंच उतरेल. तिनं हे सगळं मला सांगितलं, विचारलं नाही.

"मी येऊ बरोबर?" मी म्हणालो.

"तिथं येऊन काय करणार?"

ती रागानं बोलली नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं, म्हणून ती थांबली होती. नाशिकचं घर सोडलं होतं, सातपूरचं टेबल केव्हाच उचललं गेलं होतं. मी शोध शोध शोधलं आणि एकच शब्द सापडला. "सोबत," मी म्हणालो.

"सोबत आहे असं धरूनच मी अकरा दिवस वागत होते," विजया म्हणाली.

मग ती दुकानदाराकडं वळली आणि नाशिकची बस कुठून मिळते, स्टँडवर कसं जायचं, ते तिनं तिच्या मोडक्या गुजरातीत विचारलं. तो रस्ता मला पाठ होता, गुरुवारी मी त्याच रस्त्यानं आलो होतो. दुकानदार हातवारे करून सांगायला लागला, डावीकडं, मग पूल, मग पुन्हा उजवीकडं. आणि विजया एकेक वळण मोठ्यानं म्हणून पाठ करत होती.